उडदावरचा ब्रेक

ब्रेक दाबला की गाडी थांबते, या एका गोष्टीची खातरजमा माझ्या वडिलांनी उभ्या जन्मात केली नव्हती. एरवी ते सहजासहजी कशावर विश्वास ठेवणारे नव्हते. सर्व्हे खात्यात चौतीस वर्षं जमिनी मोजलेला माणूस. शिंप्यानं घेतलेलं माप घरी येऊन स्वतः पुन्हा घेत आणि चुकलं असेल तर शिंप्याला जाऊन सांगत. फक्त ब्रेकवर त्यांची आंधळी श्रद्धा होती. समोर काही आलं की उजवा पाय उचलायचा आणि खालच्या पत्र्याला भोक पडेल अशा जोरानं पेडलवर आपटायचा. पुढचं गाडीनं पाहावं.

मी तंजावरच्या मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत असे. पहिल्या वर्षाचा घर्षणाचा धडा दर वर्षी माझ्याच वाट्याला येई. म्हणजे ज्या विषयावर मी ऐंशी मुलींना तासभर गप्प बसवू शकत होते, त्याच विषयावर घरातला एक माणूस मला पाच मिनिटं बोलू देत नव्हता. आम्ही राजवाड्यामागच्या गल्लीत राहायचो. घरात आमची जुन्या वळणाची तंजावरी मराठी, दाराबाहेर तमिळ, कागदावर इंग्रजी. देवनागरी मी पुण्यात एम.एस्सी. करताना शिकले. अप्पांना ती वाचता येत नव्हती, म्हणून मी हे बिनधास्त लिहिते आहे. त्यांना वाचता आलं असतं, तर समासात लाल पेन्सिलीनं दुरुस्त्या करून हे कागद त्यांनी मला परत दिले असते.

आमची थोडी जमीन ओरत्तनाडूच्या बाजूला होती. तिथे भात निघालं की त्याच ओलीवर उडीद घेतात, आणि उडीद उपटला की त्याची झाडं डांबरी रस्त्यावर पसरतात. बस, लॉरी, ट्रॅक्टर, जो जाईल तो त्यावरून जातो. शेंगा फुटतात, दाणे मोकळे होतात. मळणीचं काम सरकारी रस्ता आणि परक्यांची चाकं फुकटात करून देतात. सगळा तालुका हेच करतो. बसचे ड्रायव्हर यावरून शिव्या देतात, आणि त्यांच्या घरचा उडीद पुढच्या गावात असाच पसरलेला असतो. अप्पा सरकारी नोकरीत होते तोवर याला बेकायदा म्हणत. ते निवृत्त झाले आणि आमचाही उडीद रस्त्यावर आला.

त्या दिवशी गाडीत आम्ही तिघं होतो. अप्पा चालवत होते, मी शेजारी, अम्मा मागे. गाडी, अप्पांच्या तोंडी वंडी, आमची जुनी, गोल पाठीची, अप्पांच्या नोकरीच्या काळातली. शेताजवळ आलो तर समोर आमचाच उडीद, अप्पांनी आदल्या दिवशी टेप धरून, रेघ आखून पसरवून घेतलेला. बरोबर मध्यावर एक शेळी शेंगा खात उभी होती. अप्पांनी पाय आपटला. चाकं थांबली. गाडी थांबली नाही. तेल लावलेल्या तव्यावरून डोसा सुटावा तशी ती उडदावरून सुळकन पुढे निघाली. अप्पांनी स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवलं, मी डोळ्यांनी पाहिलं, आणि गाडीनं त्याची दखलसुद्धा घेतली नाही. शेळी शहाणी होती, ती बाजूला झाली. रस्ता तिथे उजवीकडे वळतो. आम्ही वळलो नाही. नाकासमोर जाऊन शेताच्या पाटात उतरलो.

पाटात पाणी वीतभर होतं. अम्माच्या कपाळाला टेंगूळ आलं. अप्पा खाली उतरले, आधी शेळी उभी होती तिथपासून पाटापर्यंतचं अंतर टेपनं मोजलं, मग अम्माकडे आले.

"सत्तेचाळीस फूट," ते म्हणाले. "स्टिअरिंग काम करेना. मी फिरवट्लों, वंडी फिरली नाहीं. माझें काय चुकलें, सांग."

मेकॅनिकनं स्टिअरिंग दोनदा उघडून पाहिलं. काही नव्हतं. अप्पांनी दुसरा मेकॅनिक गाठला. त्यालाही काही सापडलं नाही. तेव्हा अप्पांनी दोन्ही मेकॅनिकांना अडाणी ठरवलं आणि आपला पाय निर्दोष सोडला.

माझा मोठा भाऊ, अण्णा, मद्रासला इंजिनिअर होता. त्याला कळलं तसं त्यानं फोनवर सांगून टाकलं की अप्पांचं चालवणं बंद करा, गाडी विका. सांगायला त्याचं काय जातं? अम्माचे गुडघे गेलेले. तिला बस चढता येत नव्हती. दर शनिवारी अप्पा तिला तिरुवैयारूला तिच्या माहेरी नेत. तिथे ती दोन तास बहिणीबरोबर गायची आणि आठवडाभर पुरेल एवढी टवटवीत होऊन परत यायची. सोमवारी अप्पा शेतावर जात. हे दोन दिवस सोडले तर उरलेले पाच दिवस ते या दोन दिवसांची तयारी करत, टायरमधली हवा तपासत, काच पुसत. चावी काढून घेतली की हा माणूस एका आठवड्यात म्हातारा होईल, हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असावं, कारण त्या दिवसापासून ते चावी उशाखाली ठेवून झोपायला लागले.

म्हणून मी ठरवलं की अप्पांना ब्रेक लावायला शिकवायचं. हे शहाणपण मला कुठून सुचलं, देव जाणे.

आधी मी तोंडी समजावून पाहिलं. आमच्याकडे तांदळाची एक मोठी लाकडी पेटी होती. म्हटलं, ही ढकला. ढकलली. पहिल्यांदा हलता हलेना, मग हलली आणि एकदा सरकायला लागल्यावर सहज गेली. "पाहिलंत? जे जागेला चिकटून आहे त्याची पकड जास्त, आणि एकदा घसरू लागलं की पकड कमी. फिरणाऱ्या चाकाचं तसंच आहे. फिरताना त्याचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणापुरता जमिनीला धरून असतो, आपण पाय रोवून चालतो तसा. तुम्ही ब्रेक आपटलात की चाक जाम होतं, रोवलेला पाय सुटतो, आणि ते नुसतं घसरत जातं. घसरणाऱ्या चाकाला डावं-उजवं कळत नाही. म्हणून स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळ गेली."

अप्पांनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे ब्रेक दाबायचा नाहीं?"

"दाबायचा. पण चाक अडकायच्या आत सोडायचा, पुन्हा दाबायचा, पुन्हा सोडायचा."

"दाबायचा, मग सोडायचा. थांबायचें कीं नाहीं तें आधीं ठरव गे तूं," असं म्हणून ते पेपर वाचायला गेले.

पण पाटातला तो प्रकार त्यांच्याही मनात खुपत असणार, कारण पुढच्या रविवारी ते आपण होऊन तयार झाले. त्यांच्या ओळखीच्या एका राइस मिलच्या मागे भात वाळवायचं मोठं सिमेंटचं अंगण होतं. रविवारी ते रिकामं असे. आम्ही त्यावर पेंढा पसरला. अम्मानं कोलमच्या, म्हणजे रांगोळीच्या, पिठीनं एक जाड रेघ ओढली, इथे ब्रेक लावायचा म्हणून. घरात बसवत नाही म्हणून ती आली होती, आणि पुढचे सगळे रविवार ती मागच्या सीटवरच होती.

मी म्हणायची, "दाबा, सोडा, दाबा, सोडा." अप्पा दाबायचे. सोडायचं त्यांच्या हिशेबात नव्हतंच. गाडी पेंढ्यावरून घसरत मिलच्या भिंतीकडे जायची. मग ते उतरून अंतर मोजायचे आणि मागच्या वेळेपेक्षा दोन फूट कमी आहे म्हणून समाधानानं परत येऊन बसायचे. पालथ्या घड्यावर पाणी. चौथ्या रविवारी मी गाडीतून उतरून अंगणाच्या कडेला जाऊन बसले. म्हटलं, मला हे जमणार नाही. ऐंशी पोरींचे पेपर तपासणं परवडलं.

तेव्हा अम्मा बोलली. ती गाण्याच्या घरातली. तिच्या माहेरी सकाळ-संध्याकाळ ओसरीवर शिकवणी चाले.

"दाबा-सोडा म्हणट्लें तर कोणाला कळेल गे? ताल सांग कीं त्यांना."

तिनं आदि तालाच्या शेवटच्या चार मात्रा घेतल्या. थाप, उलटा हात, थाप, उलटा हात. थापेला दाबायचं, उलट्या हाताला सोडायचं. मागच्या सीटवर बसून ती मांडीवर हात मारू लागली, मोठ्यानं, आणि अप्पांचा पाय खाली त्याप्रमाणे चालू लागला. पहिल्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, त्या हाताचा आवाज त्यांच्या अंगात कुठेतरी मुरलेला होता. महिन्याभरात पेंढ्यावर गाडी सरळ थांबू लागली, मग वळत थांबू लागली. अम्मानं लय दुप्पट केली, अप्पांनी पायही दुप्पट केला. घरी पेपर वाचताना खुर्चीखाली त्यांचा उजवा पाय जमिनीवर चालू असायचा. जेवताना तेच. मी एकदा म्हटलं, जेवताना तरी थांबवा. तर म्हणाले, "थांबतें कुठें तें? तूंच चालूं केलीस."

त्या वर्षी पावसात तिरुवैयारूच्या वाटेवर, पुलाच्या तोंडाशी, एक सायकलवाला ओल्या रस्त्यावर आमच्या पुढ्यातच आडवा पडला. मागे अम्माला झोप लागलेली. ताल द्यायला कोणी नव्हतं. अप्पांच्या पायानं आपोआप दाबलं-सोडलं, दाबलं-सोडलं, गाडी शहाण्यासारखी त्या माणसाला वळसा घालून पलीकडे जाऊन थांबली. मला रडू आलं. अप्पांनी मात्र खाली उतरून अंतर मोजलं, सायकलवाल्याला उभं केलं, आणि ओल्या रस्त्यावर सायकलचा ब्रेक कसा लावावा यावर त्याला पंधरा मिनिटं तमिळमध्ये व्याख्यान दिलं. त्यातलं एकही वाक्य त्यांचं नव्हतं, सगळी माझी होती. पुढचा महिनाभर गल्लीतल्या प्रत्येक माणसाला त्यांनी पेटी ढकलायला लावली.

इथे ही गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं.

पण देशात तेव्हा नवं वारं सुटलं होतं. ज्या गाडीसाठी पूर्वी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं, तिच्याकडे आता कोणी ढुंकून पाहत नव्हतं, आणि मद्रासमध्ये दर चार-सहा महिन्यांनी एखादी परदेशी नावाची गाडी येत होती. अण्णानं त्यातली एक घेतली आणि वर्षभरात त्याच्या कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी सिंगापूरला पाठवलं. जायच्या आधी तो गाडी घेऊन तंजावरला आला. म्हणाला, ही इथे राहू दे, जुनी विकून टाका, तिचे आता हाल आहेत. अप्पांनी नव्या गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, तिची लांबी-रुंदी घेतली आणि आमच्या दारातून आत जायला दोन्ही बाजूंना चार-चार बोटं उरतात असं जाहीर केलं. इतकं खूष मी त्यांना निवृत्तीच्या समारंभातही पाहिलं नव्हतं.

मग अण्णानं पुस्तिका उघडली आणि सांगितलं, "हिच्यात ए.बी.एस. आहे. ब्रेक पंप करायचा नाही. जोरात दाबायचा आणि दाबूनच धरायचा."

मी त्याच्या हातातून पुस्तिका हिसकावून घेतली. खरंच तसं लिहिलं होतं. ठळक अक्षरांत, चौकटीत.

प्रत्येक चाकापाशी त्याच्या फिरण्यावर लक्ष ठेवणारा एक सेन्सर. एखादं चाक अडकायला आलं की आतला छोटा कॉम्प्युटर त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करतो, पुन्हा लावतो, पुन्हा सैल करतो, सेकंदात कितीतरी वेळा. म्हणजे अम्माची थाप आणि उलटा हात, फक्त माणसाच्या आवाक्याबाहेरच्या लयीत. अम्माला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तो ताल नव्हे. ती थरथर आहे." आणि तिचं अगदी बरोबर होतं, कारण पुस्तिकेतही तेच होतं: पेडल पायाखाली थरथरेल, घाबरू नका, पाय काढू नका. आपण मधेच सोडलं तर कॉम्प्युटरला वाटतं की याला थांबायचंच नाही, आणि तोही सोडून देतो.

म्हणजे मी रविवारमागून रविवार रक्त आटवून जे शिकवलं होतं, ते सगळं या गाडीत चूक होतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

अप्पांनी ती पुस्तिका तीन दिवसांत दोनदा वाचली. लाल पेन्सिलीनं खुणा केल्या. चौथ्या दिवशी जेवताना त्यांनी अण्णाला विचारलं, "यानें वंडी लवकर थांबती कीं काय?"

"नेहमी नाही. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर फार फरक नाही. खडी, माती, पेंढा असलं काही सुटं असेल तर उलट थोडी जास्तच पुढे जाईल. पण थांबता थांबता वळवता येते. मुद्दा तो आहे."

"इतकें असकें करून लांब थांबणार," अप्पा म्हणाले. पण त्यांना पटलं होतं, पेटी ढकललेला माणूस तो. पंधरा मिनिटांनी ते मलाच समजावत होते की अडकलेलं चाक आणि फिरणारं चाक यांत फरक काय.

अण्णानं जाताना मला बाजूला घेतलं. म्हणाला, "तू त्यांना मिलच्या अंगणात बसवून बघ. तू हो म्हणालीस तर गाडी त्यांची. नाही म्हणालीस तर मी ड्रायव्हर ठेवतो. मी काही बोलत नाही, तू ठरव." मोठे भाऊ असेच असतात. आपण सिंगापूरला जायचं आणि बापाच्या चावीचा निकाल बहिणीनं द्यायचा.

पुन्हा रविवार, पुन्हा पेंढा, पुन्हा कोलमची रेघ. अम्माला मी सांगितलं की हात पदराखाली ठेव, एक मात्रासुद्धा देऊ नकोस. अप्पा रेघेशी आले आणि त्यांचा पाय चालू झाला. दाब, सोड, दाब, सोड. पेंढ्यावरून गाडी निवांत भिंतीपर्यंत गेली.

"अप्पा, धरून ठेवायचा."

"माहीत आहे. वाचट्लों मी."

दुसऱ्या वेळी धरला. पेडल थरथरलं आणि त्यांनी विंचू चावल्यासारखा पाय उचलला. "खालून कोणी ढकलतें आहे." तिसऱ्या वेळी पुन्हा ताल. चौथ्या वेळी पुन्हा ताल. प्रत्येक वेळी आधी ते मला तोंडपाठ म्हणून दाखवायचे, दाबायचा, धरायचा, थरथरलें तर घाबरायचें नाहीं, आणि रेघ आली की पाय आपला जुनाच पाठ म्हणायचा. मी ओरडले. मी विनवण्या केल्या. मी एकदा खाली वाकून त्यांचा गुडघा हातानं दाबून धरला, आणि त्या माणसाच्या मांडीतला स्नायू माझ्या तळव्याखाली थाप-उलटा-थाप-उलटा करत राहिला. इतकी पक्की शिकवणी मी आयुष्यात दुसऱ्या कोणाला दिली नाही. दहापैकी एकदा जमलं. तेही माझ्या मते चुकून.

असे पाच रविवार गेले. सहाव्याला मी अण्णाला फोन केला आणि म्हटलं, "नाही. ड्रायव्हर बघ."

अप्पा त्याच खोलीत होते. त्यांनी ऐकलं. उशाखालची चावी आणून फोनशेजारी ठेवली, आणि टेबलावरची लाल पेन्सिल पेनांच्या डब्यात परत टाकली. मला त्यांचा राग आला. भांडले असते तर बरं झालं असतं, निदान मला उत्तर देता आलं असतं. जुनी गाडी त्याच आठवड्यात गेली. ड्रायव्हर पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून यायचा होता, तोवर मी चालवायची असं ठरलं.

आणि तेवढ्यात उडीद आला. तोच महिना, तेच ऊन. मी चालवत होते, अप्पा शेजारी, अम्मा मागे. अप्पांच्या मांडीवर पुस्तिका होती. का आणलीत असं मी विचारलं नाही. शेताजवळचं ते वळण आलं तसं समोर उडीद दिसला, आमचाच, आखून पसरलेला. आमच्या शेतावर काम करणारी म्हातारी रस्त्याकडेला सुपानं पाखडत बसली होती. ती कंबरेवर हात ठेवून उठली आणि उरलेली झाडं उलटायला सरळ रस्त्याच्या मध्यावर आली, गाडीकडे पाठ करून.

मी ब्रेक दाबला. आणि सोडला. आणि दाबला, आणि सोडला.

मी, फिजिक्सची लेक्चरर. पाच रविवार घसा कोरडा करून धरा, धरा म्हणणारी. माझा पाय थाप आणि उलटा हात करत होता. पाय सोडला की गाडी मोकळी पळत होती, आणि म्हातारीची पाठ मोठी होत होती.

"दाब," अप्पा म्हणाले. ओरडले नाहीत, मोजणीचा आकडा सांगावा तसे म्हणाले. "दाब आणि धर. थरथरेल. सोडूं नको. आतां फिरव."

मी दाबला आणि धरला. पेडल पायाखाली खडखडलं, मला वाटलं काहीतरी तुटलं. "सोडूं नको," अप्पा म्हणाले. मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि गाडी उडदावरच डावीकडे वळली. म्हातारी उजवीकडे राहिली. सूप चाकाखाली गेलं. आम्ही पाटाच्या काठावर, पण काठावरच, थांबलो.

म्हातारी आली आणि सूप कोण भरून देणार, डोळे फुटलेत का, असं तिनं मला तमिळमध्ये बरंच सुनावलं. मी ऐकून घेतलं. आरशात पाहिलं तर मागे अम्मा आपला उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरून बसली होती.

थोड्या वेळानं मी चावी काढली आणि अप्पांपुढे धरली. म्हटलं, "तुम्ही चालवा. मी अण्णाला सांगते, माझं चुकलं. तुम्हाला येतंय, मलाच येत नाही."

अप्पांनी चावी घेतली नाही. त्यांनी आपल्या पायांकडे बोट दाखवलं. खालची रबरी चटई पुढच्या बाजूला सरकून गोळा झाली होती, आणि त्यांच्या उजव्या चपलेचा पट्टा निघाला होता.

"तोंड तुला धर धर म्हणत होतें," ते म्हणाले. "पाय खालीं तुझ्यासारखाच करत होता. मी पाहट्लों."

ते खाली उतरले. चाकापासून म्हातारी उभी होती तिथपर्यंतचं अंतर त्यांनी पावलांनी मोजलं, टेप आज आणला नव्हता. मोडलेलं सूप उचलून म्हातारीला उद्या नवीन आणून देतो म्हणून सांगितलं. मग माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले.

"एक विचारतों. आधीं मी कसा लावत होतों ब्रेक? आपटायचा आणि धरायचा. होय?"

"होय."

"या वंडीला तेंच पाहिजे. होय?"

मला उत्तर द्यायचं नव्हतं. ही गोष्ट मला नव्या गाडीच्या दुसऱ्याच रविवारी कळली होती आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती. कुठल्यातरी परदेशी कारखान्यात हुशार माणसांनी वर्षानुवर्षं खपून ही गाडी नेमकी अप्पांच्या पायासाठी बनवली होती, कोणी काही न शिकवलेल्या, घाबरून आपटणाऱ्या, न सोडणाऱ्या पायासाठी. तो पाय मी मोडून काढला होता. मी मधे पडले नसते, तर चावी आजही त्यांच्या उशाखाली असती.

"होय, अप्पा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. एखाद्या जुन्या नकाशातली हद्द शेवटी जुळली की ते अशीच मान हलवत. गाडीला वळसा घालून आपल्या जागी येऊन बसले, चटई सरळ केली, चप्पल पायात घातली.

"म्हंजे तूं चांगलें शिकवट्लीस," ते म्हणाले. "चल आतां बेगी, ऊन वाढतें आहे."

इतक्या वर्षांत माझ्या शिकवण्याबद्दल त्यांनी काढलेला हा एकच चांगला शब्द. तो त्यांनी मनापासून काढला होता, आणि मला तो अजूनही सहन होत नाही.